पहिल्या दोन ओळी

पोळ्याला अजून बरेच दिवस होते, पण मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळतात त्या बाईच्या पुतळ्याचा, मागच्या वर्षीचा व्हिडिओ आत्तापासूनच वर सरकायला लागला होता. दरवर्षी असंच होतं. श्रावण अर्ध्यावर आला की लोकांना आधी बैल आठवतात, मग पुरणपोळी, मग मारबत, आणि मग सगळे मोबाइलच्या शोधायच्या रिकाम्या चौकोनात बोटं चालवायला लागतात. अश्लेषाला हा क्रम पाठ होता. सीताबर्डीच्या मेन रोडवर खाली कुर्त्यांची आणि मोबाइल कव्हरांची दुकानं, त्यांच्या डोक्यावर दुर्गेशचं ऑफिस, आणि त्या ऑफिसच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ती इतरांच्या व्हिडिओंखालचा मजकूर लिहायची. हे तिचं काम. लग्नात, बारशात कोणी विचारलं, तू काय करतेस गं, तर ती सांगायची, व्हिडिओचं डिस्क्रिप्शन लिहिते. समोरची बाई डोळे बारीक करून म्हणायची, म्हणजे ते खाली असतं ते? जे कोणी वाचत नाही? हो, तेच, असं म्हणून अश्लेषा ताट घ्यायला वळायची. आणि खरंच ते कोणी वाचत नाही. पहिल्या दोन ओळी तेवढ्या दिसतात, बाकीचं ‘आणखी’ या शब्दाआड झाकलेलं असतं, आणि तो शब्द दाबायची तसदी माणसं घेत नाहीत. ते वाचतं यंत्र. अगदी शब्द न् शब्द वाचतं, लक्षात ठेवतं, आणि कुठे कोणी काही शोधलं की ठरवतं, याला हे दाखवावं. सुरुवातीला तिला या वाचकाची भीती वाटायची. आता वाटत नव्हती, पण घरात एखादं न बोलणारं, सगळं ऐकणारं वडीलधारं माणूस असावं तसा त्याचा एक धाक मात्र राहिला होता.

त्या दिवशी डबा उघडायच्या आधी तिने मारबतीच्या व्हिडिओचा रिपोर्ट उघडला. लोक कोणते शब्द टाकून व्हिडिओपर्यंत पोचले ते त्यात दिसतं. वरचे शब्द नेहमीचेच होते. मारबत नागपूर. पिवळी मारबत मिरवणूक. तान्हा पोळा कधी आहे. ती सवयीने खाली खाली गेली, कारण तिला तळाचे शब्द आवडायचे. वर असते ती गर्दी, तळाला एकेकटी माणसं असतात. कोणी लिहिलेलं असतं, ‘मारबत खरंच ऐकते का’. कोणी नुसतंच लिहितं, ‘लहानपणी पाहिलेली काळी बाई’. ही माणसं कोण, कुठे बसून हे लिहितात, त्यांना काय झालेलं असतं, ते कधीच कळत नाही, आणि तरी ती आपल्याशीच काहीतरी बोलून गेली असं तिला वाटत राहायचं. त्या दिवशी अगदी शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं: ‘धोंडबाले अन लाल गाडीले घेऊन जाय गे मारबत’. एकदा. कोणीतरी एकदाच टाकलेलं. त्या शब्दांवरून यंत्राने त्याला मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला होता, आणि त्याने तो जेमतेम काही सेकंद पाहून सोडून दिला होता. अश्लेषाने डबा बाजूला सारला. खिडकीबाहेरून मेट्रो गेली, तिचा आवाज नेहमीसारखाच असणार, पण तिला तो ऐकूच आला नाही, फक्त टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललेलं दिसलं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ती ओळ तिने पुन्हा वाचली, मग बोट ठेवून वाचली, शाळेत वाचत तशी. हे वाक्य या जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त एकदा बोललं गेलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, सक्करदऱ्याच्या एका गल्लीत, आणि बोलणारी तिची आई होती.

पोळ्याच्या संध्याकाळी दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या टेकवून ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढे उचलायचे आणि वस्तीबाहेर नेऊन टाकायचे, आणि टाकताना ओरडायचं. घरात जे जे नको असेल ते मारबतीच्या गळ्यात घालायचं. खोकला घेऊन जाय गे मारबत. डास, ढेकूण घेऊन जाय गे मारबत. एक जण पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकी गल्ली पुढचा अर्धा उचलून धरते. महागाई द्यायची, चुगलखोर द्यायचे, एखाद्या वर्षी नळाला न येणारं पाणी द्यायचं. शेजारचे मार्तंडकाका यात एकदम पट्टीचे, ते आपल्या साहेबालासुद्धा मारबतीच्या हवाली करायचे आणि गल्ली पोट धरून हसायची. त्या सकाळी हसण्याचा रंग चांगला चढला होता. अश्लेषाचा भाऊ धोंडबा आपली सेकंडहँड लाल मोटरसायकल कट्ट्याला टेकवून तिच्यावर आडवा बसला होता. त्याचं कागदावरचं नाव जितेंद्र, पण तो धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून आईने त्याला धोंडबाच केलं होतं. एकवीस वर्षांचा, कॉलेज सोडलेला, कामावर न टिकणारा, दिवसभर त्या गाडीवरून उनाडणारा. आदल्या रात्री आईचं आणि त्याचं वाजलं होतं. आईने हातातला मेढा उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, धोंडबाले अन् लाल गाडीले घेऊन जाय गे मारबत. अर्धी थट्टा, अर्धा राग. गल्लीने मोठ्या हौसेने पुढचा भाग उचलला. मार्तंडकाका सगळ्यांत मोठ्याने ओरडले. अश्लेषा हसली. धोंडबाही हसला, तिला स्पष्ट आठवतं, त्याने हसून गाडीची चावी बोटाभोवती फिरवली होती. आणि संध्याकाळी, गल्लीतली पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागत फिरत होती तेव्हा, तो नव्हता. गाडीही नव्हती.

पुढे जे करायचं असतं ते सगळं केलं. पोलीस, स्टेशन, बस स्टँड, त्याचे दोस्त, दोस्तांचे दोस्त. महिन्याभराने मार्तंडकाकांच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला, मी ठीक आहे, मले शोधू नका, एवढंच बोलून तो बंद झाला, आणि नंतर तो नंबर लागलाच नाही. आई, गल्लीची शोभाताई, फॉल-पिकोचं काम करायची, वडील गेल्यापासून त्याच मशीनवर घर चाललेलं, ती त्या मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून दर मारबतीला हेच. दाराला मेढे नाहीत, दार बंद, खिडक्या बंद, आणि गल्लीतून पहिली आरोळी उठली की आतून मशीन सुरू. शिवायला काही नसलं तर ती कापडाच्या तुकड्यावर नुसतीच टीप मारत बसायची. बाहेर घेऊन जाय, घेऊन जाय चाललेलं, आत मशीन घरघरतेय, आणि ती मान वर करत नाही. आपण म्हटलं आणि तिने नेलं, असं ती कधी बोलली नव्हती. पण अश्लेषाला माहीत होतं की ती तसंच समजते, आणि ‘असं काही नसतं गं आई’ हे वाक्य इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच त्याची पुरेशी खात्री नव्हती.

दुर्गेशकडे ती कामाला लागली ती जाहिरात पाहून, त्यात भावाचा काही संबंध नव्हता. निदान तिने तसं स्वतःला सांगून ठेवलं होतं. पण काम शिकताना पहिल्या महिन्यातच दुर्गेश म्हणाला होता, हे पाय वं अश्लेषा, व्हिडिओत काय आहे ते नको लिहू, शोधणारा काय लिहीन ते लिही. त्याच्या डोक्यात जाऊन बस. कुणाच्या डोक्यात जाऊन बसायचं हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग साडीचं दुकान असो, दातांचा डॉक्टर असो, कळमन्याच्या बाजारातला संत्र्यांचा लिलाव असो, नागपूरचं काहीही हाती आलं की अगदी तळाशी, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे ती एक ओळ घालायची. सक्करदरा तलाव, तान्हा पोळा, लाकडी नंदी, आईच्या हातची पुरणपोळी, फॉल-पिको. दुर्गेश वैतागायचा. ‘दातांच्या व्हिडिओखाली तू पुरणपोळी काहून टाकून राहिली? यंत्राले वाटते आपण येडे बनवून राहिलो त्याले.’ ती काढायची आणि पुढच्या वेळी पुन्हा घालायची. शेवटी त्याने नाद सोडला. तिचा हिशेब असा की कधीतरी, कुठल्या तरी परक्या गावात, त्याला घरची आठवण येईल, तो काहीतरी गोड शोधेल, आणि यंत्र त्याला हात धरून इकडे आणेल. आता ती शेवटची ओळ समोर उघडी होती आणि तिला कळत होतं की इतकी वर्षं आपण चुकीच्या डोक्यात जाऊन बसलो होतो. त्याला नंदी आठवला नव्हता, पुरणपोळी आठवली नव्हती. जे लागलं होतं तेच त्याने लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर, आईच्या तोंडून निघालं तसं.

तिला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. ती थक्क झाली होती. इतकी वर्षं या धंद्यात राहून तिने कधी असा विचारच केला नव्हता. पृथ्वीवर माणसं किती, त्यांचे अंगठे किती, आणि प्रत्येक अंगठा त्या चौकोनात काय काय घालत असतो. कोणी दुखणं घालतं, कोणी गेलेल्याचं नाव घालतं, ज्या माणसाला विचारायचं तो समोर नसतो म्हणून यंत्राला विचारतं. आणि त्या सगळ्या महापुरात तिच्या भावाने एक वाक्य टाकलं, आणि ते कुठेही न बुडता, न विरघळता, तिच्याच टेबलावर येऊन थांबलं. त्याला माहीतही नसेल. तो एका अनोळखी व्हिडिओपाशी आला, थोडं पाहिलं, यात माझं काही नाही असं समजून निघून गेला. त्या व्हिडिओखालचे शब्द माझे होते धोंडू, तिने मनात म्हटलं. तू माझ्या दारापर्यंत आला होतास.

दुर्गेशला दाखवलं तेव्हा त्याने खुर्ची ओढली आणि बराच वेळ पाहिलं. ‘गल्लीतल्या कोणी टाकलं असन,’ तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. ‘नाही. गल्लीतला कायले शोधीन.’ त्याला ती सगळी हकीकत माहीत होती, या ऑफिसात फक्त त्यालाच. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘तो पुन्हा टाकीन असं वाटते तुले?’

‘मारबत अजून यायची आहे,’ अश्लेषा म्हणाली.

‘मंग त्याले काहीतरी दिसलं पायजे वं. मिरवणूक नाही. त्याचं उत्तर दिसलं पायजे.’ तो धंद्याचं बोलत होता, शोधणाऱ्याला उत्तर मिळालं नाही तर तो टिकत नाही हे तो रोज दहा गिऱ्हाइकांना सांगायचा, पण आज ते बोलताना त्याने आवाज खाली आणला होता.

संध्याकाळी ती स्कूटीने घरी निघाली. रस्ता पायाखालचा होता, पण आज दिसेल त्या माणसाच्या हातातला मोबाइल तिला दिसत होता. सिग्नलला उभा असलेला ऑटोवाला, बसच्या खिडकीतली मुलगी, तलावाच्या कठड्यावर बसलेला म्हातारा, सगळ्यांच्या माना खाली आणि अंगठे चाललेले. एरवी ती यावर दुर्गेशबरोबर हसायची. आज तिला त्या खाली झुकलेल्या मानांबद्दल एकदम माया वाटली. यांतला कोण काय शोधतोय कोणास ठाऊक. त्याने ते कुठे बसून लिहिलं असेल? ट्रकच्या केबिनमध्ये, कारखान्याच्या गेटवर, की एखाद्या घरात, जिथे त्याची बायको आत भांडी घासतेय आणि लेकरू मांडीवर आहे? तिच्या डोळ्यांसमोर तो एकवीसचाच येत होता. बत्तीसचा चेहरा तिला काही केल्या जमेना. अंगठा मात्र दिसत होता, नखाशी जरा तुटका, लहानपणी दारात चेमटलेला. तो अंगठा ‘धो’ लिहितो, मग ‘धोंड’, मग ‘धोंडबा’. अकरा वर्षांत या नावाने त्याला तिकडे कोणी हाक मारली नसणार. स्वतःचं घरातलं नाव स्वतःच्या हाताने लिहिताना त्याला कसं वाटलं असेल, या विचारापाशी तिने स्कूटी बाजूला घेतली आणि तलावाकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली.

आई मशीनवर होती. ‘थांबव ना थोडी,’ अश्लेषा म्हणाली.

‘काहून? बाई येऊन राहिली साडी न्यायले.’

‘आई, कोणीतरी ते वाक्य टाकलं. मोबाइलमध्ये.’

‘कोणतं?’

अश्लेषाला ते तोंडाने म्हणता येईना. या घरात ते कोणी म्हणत नव्हतं. तिने मोबाइलच पुढे केला. आईने चष्मा नाकावर सारला आणि ओठ हलवत वाचायला लागली. ‘लाल गाडीले’पाशी ओठ थांबले. नंतरचं तिने वाचलं नाही, ते तिला वाचायची गरज नव्हती. मशीनच्या चाकावर तिचा हात तसाच होता.

‘कोनं लिवलं हे?’

‘नाव सांगत नाही ते.’

‘कुठून लिवलं?’

‘तेबी नाही सांगत.’

‘रागानं लिवलं का हासून लिवलं?’

हा प्रश्न ऑफिसात कोणी कधी विचारला नव्हता. रिपोर्टात सगळं असतं, किती जण, किती वेळ, मोबाइलवर की टीव्हीवर, पण हे नसतं. ‘ते समजत नाही, आई.’

‘मंग सांगते काय तुहं मशीन?’

‘एवढंच, की लिवलं.’

शोभाताईने मोबाइल परत दिला, चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसतच राहिली. ‘हात चालून राहिले म्हणजे त्याचे,’ ती म्हणाली. ‘अन् डोळेबी चांगले असन. एवढं बारीक लिवलं.’

मग अश्लेषाने तिला समजावून सांगितलं. आपण एक व्हिडिओ करू. त्याने पुन्हा हेच टाकलं, तर मिरवणूक नाही, तूच समोर आली पाहिजे. आईने सगळं ऐकून घेतलं. ‘अन् मी काय सांगू त्यात? मोबाइलसमोर रडून राहिलेल्या बाया पायल्या मी. मी तसं नाही करत बाई.’ आणि तिने मशीन सुरू केली. विषय संपला असं अश्लेषाला वाटलं. दुसऱ्या दिवशीही आई काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अश्लेषा रोज ऑफिसात जाऊन रिपोर्ट उघडायची आणि ती ओळ आहे ना पाहायची. ती असायची, तशीच, एकटी. पोळ्याच्या दिवसापर्यंत तिने आशा सोडून दिली होती, निदान सोडली असं धरून चालली होती, आणि संध्याकाळी घरी आली तर दाराच्या दोन्ही अंगांना पळसाचे मेढे टेकवलेले. ताजे, रुंद पानांचे. आई आत पुरण वाटत होती. ‘बाजारात दिसले,’ ती न विचारताच म्हणाली. ‘सकाळी तुहा मोबाइल भरून ठेवजो.’

सकाळी गल्ली जागी झाली ती आरोळ्यांनीच. मार्तंडकाका आता थकले होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेढा, पण घसा अजून शाबूत. ‘खोकला, ताप घेऊन जाय गे मारबत!’ गल्लीने री ओढली. तेवढ्यात शोभाताईचं दार उघडलं. ती बाहेर आली, दोन्ही मेढे उचलले, आणि पायऱ्या उतरली. तिचं ते वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांनासुद्धा. मार्तंडकाकांनी हातातला मेढा हळूच खाली घेतला. आई कोणाकडे न पाहता चालायला लागली, गल्लीच्या टोकाकडे, तलावाजवळच्या मोकळ्या जागेकडे, जिथे सगळे मेढे टाकतात. गल्ली तिच्या मागून निघाली. अश्लेषा मोबाइल धरून एका अंगाने चालत होती, चालताना चित्र हलणार हे तिला कळत होतं, दुर्गेशने असं हललेलं चित्र कधी चालवून घेतलं नसतं. तिने ते तसंच राहू दिलं. टोकाला पोचल्यावर आई थांबली. तिची पाठ गल्लीकडे होती. तिने दोन्ही मेढे डोक्यावर उचलले, त्या दिवशीसारखेच उंच, आणि आवाजही तोच निघाला, खणखणीत, अकरा वर्षं कुठे ठेवला होता कोणास ठाऊक.

‘धोंडबाले अन् लाल गाडीले घेऊन जाय म्हणली होती मी,’ ती म्हणाली. ‘ते माह्यं बोलणं घेऊन जाय गे मारबत.’

मारबतीला ‘आणून दे’ म्हणायची रीत नाही, कोणी म्हणत नाही, ती फक्त नेणारी. आई इतके दिवस मशीनवर मान घालून हेच शोधत होती, की नेणाऱ्या बाईजवळ मागायचं तरी काय. मग मार्तंडकाकांचा आवाज आला, फाटलेला, काठीवर भार देऊन काढलेला. ‘घेऊन जाय गे मारबत!’ आणि मग सगळ्या गल्लीने ते उचललं, बायांनी, पोरांनी, त्या नव्या सुनांनी, एकदा, पुन्हा एकदा. तलावावरचे बगळे उठले. आईने मेढे फेकले आणि मागे वळली. मोबाइल तिच्या समोरच होता. ती त्याच्यात पाहत राहिली, अश्लेषाकडे नाही, मोबाइलच्या त्या बारीकशा काळ्या डोळ्यात, कोणी त्याच्या पलीकडे उभं असावं तशी. मग म्हणाली, ‘चाल, पुरणपोळ्या व्हायच्या हायेत अजून.’ तेही व्हिडिओत आलं.

सुट्टी असून ती ऑफिसात गेली. दुर्गेश आलेला होता. त्याने व्हिडिओ पाहिला आणि खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरलं. ‘नाव काय देते याले?’

‘तेच वाक्य. जसं आहे तसं.’

‘हो. अक्षराचा फरक नको करू. यंत्राले जसंच्या तसं आवडते.’ मग म्हणाला, ‘पण हे दुसरं कोणी शोधणार नाही वं.’

‘नको शोधू दे.’

तो हसला नाही. त्याने आपल्या संगणकावर काहीतरी केलं, आणि नंतर तिच्या लक्षात आलं की मिरवणुकीच्या जुन्या व्हिडिओच्या खाली, सगळ्यांत वर, त्याने या व्हिडिओचा दुवा लावून ठेवला होता. ती लिहायला बसली. आजवर हजारो डिस्क्रिप्शनं लिहिली, बोटं आपोआप चालायची. आज ती बराच वेळ नुसती पाहत बसली. पहिल्यांदाच असं होत होतं की वाचणारं यंत्र नव्हतं, यंत्र नुसतं पोस्टमन होतं, आणि वाचणारा एकच होता, आणि त्याचा तुटका अंगठा तिला ठाऊक होता. पहिल्या दोन ओळींत तिने ते वाक्य लिहिलं, त्याने लिहिलं तसंच, ‘अन’चा पाय न मोडता. खाली लिहिलं, घर तेच आहे. आई तीच आहे. मशीन नवीन घेतली. मार्तंडकाका आहेत. तळाशी, सवयीने, सक्करदरा तलाव, तान्हा पोळा, लाकडी नंदी. पुरणपोळीही घातली. दुर्गेशने वाचलं आणि या वेळी त्यातलं काहीच काढ म्हणाला नाही.

रिपोर्ट दोन दिवस मागे चालतो. आज जे दिसतं ते परवा घडलेलं असतं. ते दोन दिवस अश्लेषाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. आई रोज सकाळी चहा देताना आधी तिच्या तोंडाकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी रिपोर्टात गल्लीतले लोक आले, त्यांनी नातेवाइकांना पाठवलेले दुवे आले. शोधून आलेलं कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, उंबऱ्यात उभ्या उभ्या तिने मोबाइलवर उघडून पाहिलं, आणि ती परत आत आली. तीच ओळ. तेच शब्द, तसेच, ‘अन’चा पाय न मोडलेले. एकदा नाही, तीनदा. आणि पाहणं शेवटपर्यंत, तीनही वेळा, पुरणपोळ्या व्हायच्या आहेत इथपर्यंत. तिला दुसरं काही माहीत नव्हतं. गाव नाही, नंबर नाही, तो येणार की नाही ते नाही. तो बसून राहिला, उठून गेला नाही, एवढंच यंत्राला सांगता येत होतं, आणि तेवढं त्याने सांगितलं होतं. त्या न बोलणाऱ्या वडीलधाऱ्याच्या ती मनातल्या मनात पाया पडली.

‘आई,’ ती म्हणाली, ‘पायलं त्यानं.’

मशीन थांबली. ‘पूर्ण?’

‘पूर्ण. तीनदा.’

आईने सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दाताने तोडला. तिने वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता, फार जुना, अश्लेषाच्या शाळेच्या दिवसांतला. ‘जेवत असन ना वं तो वेळेवर?’ ती म्हणाली.

अश्लेषाने मान हलवली, हो म्हणून.

‘खाली लिवता येते म्हणते ना तू. मंग लिव्ह.’ आईने पदर सारखा केला, कोणी दारात आल्यासारखा. ‘लिव्ह, येजो. अन् येशीन तं वाटेत जेवून नको येजो.’

ती उंबऱ्यातच बसली आणि तिने डिस्क्रिप्शन उघडलं. पहिल्या दोन ओळींतलं वाक्य उचलून खाली ढकललं, आपल्या सगळ्या शब्दांच्या खाली, अगदी तलावाच्याही खाली, आणि रिकाम्या झालेल्या जागी आईचं बोलणं लिहिलं, आई बोलली तसं. दुर्गेश म्हणाला असता, या शब्दांनी कोणी काही शोधत नाही. मागून मशीन पुन्हा सुरू झाली होती, आणि आई त्या आवाजावर आवाज चढवून विचारत होती, लिवलं का.